वीज किंवा वाफ

माझी बायको विमल साबणाच्या ज्या कारखान्यात कामाला होती तिथे वीज नव्हती, आणि मी वीज बनवायच्या कारखान्यात कामाला होतो. यावरून आमच्या घरात चेष्टा फार झाली, आणि खरं सांगायचं तर थोडी भांडणंही झाली. गोष्ट १९७८च्या उन्हाळ्यातली आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात मी तेव्हा टर्बाइनवर ऑपरेटर होतो. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेनं पाती फिरतात आणि तिकडे कुठे तरी कळवणच्या एखाद्या घरात दिवा लागतो. टर्बाइन हॉलमध्ये पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पायाखालची फरशी थरथरत होती आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण ऑपरेटरनं रडायचं नसतं. पण त्या गोष्टीचं नवल पुढे कधीच ओसरलं नाही.

साबणाचा कारखाना म्हणजे नाशिकरोडहून एकलहऱ्याला येताना डाव्या हाताला एक लांबलचक पत्र्याची शेड. मालक झुंबरशेठ. कामाला बावीस बाया. गंमत अशी की आमच्या केंद्रातून निघालेल्या मोठ्या तारा बरोब्बर त्या शेडच्या डोक्यावरून जात होत्या आणि शेडमध्ये साधा बल्ब नव्हता. हिवाळ्यात सहा वाजता अंधारून आलं की शेठ कंदील लावायचे. मी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल, अर्ज द्या, कनेक्शन मी मिळवून देतो, बोर्डात माझी ओळख आहे. शेठ दर वेळी चहा पाजायचे आणि म्हणायचे, नको रे बाबा. सगळे त्यांना चिक्कू म्हणत. मीही म्हणत होतो, आणि जरा मोठ्यानंच म्हणत होतो.

विमल एकदा डबा विसरली म्हणून मी तो द्यायला गेलो, तेव्हा शेड पहिल्यांदा आतून पाहिली. मधोमध भली मोठी लोखंडी कढई, खाली लाकडांचा जाळ. कढईत मोहाचं तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी, आणि दोन बाया लाकडी वल्ह्यांनी ते ढवळत होत्या, एकाच दिशेनं, न थांबता. पलीकडे लाकडी चौकटीत ओतून घट्ट झालेल्या साबणाचा पलंगाएवढा ठोकळा पडला होता. विमलनं एका बाजूनं आणि दुसऱ्या बाईनं दुसऱ्या बाजूनं एक बारीक तार धरली आणि दोघींनी ती अशी काही ओढली की ठोकळ्याची सरळ पाटी निघाली. तशाच तारेनं पाडलेल्या दोन वड्या मी गमतीनं तराजूच्या दोन पारड्यांत टाकल्या. काटा हलला नाही. मी आणखी दोन टाकल्या, तरीही नाही. घरी पोळ्या लाटताना जिच्या पोळीला मी नकाशा म्हणून चिडवत असे, ती ही बाई.

पण खरं थक्क केलं ते कुसाबाईनं. साठीची, कृश बाई, बोलणं कमी. ती तिथली मुकादम. कढईतला माल झाला की नाही हे ती सांगायची. वल्ह्याच्या टोकावरचा कणभर साबण निवू द्यायचा आणि जिभेच्या शेंड्याला लावायचा, बस. जीभ चुरचुरली तर कॉस्टिक शिल्लक आहे, अजून ढवळा. नाही चुरचुरली तर उतरवा. तेल कमी पडलं की जास्त झालं, जाळ जोरात होता की मंद, हेसुद्धा ती त्या कणावरून सांगायची. मी आयुष्यभर कंट्रोल रूममधले काटे बघत आलेला माणूस. काट्याशिवाय कुणी नेमकं काही सांगू शकतं यावर माझा विश्वास नव्हता. त्या दिवशी मी डबा हातात धरून अर्धा तास तसाच उभा राहिलो आणि विमलनंच मला घरी हाकललं.

त्या शेडमध्ये एकच गोष्ट मला खटकायची, पाणी. आवारात रहाटाची विहीर होती. रोज साठ बादल्या पाणी शेंदून हौदात ओतायचं, बायांनी आळीपाळीनं. त्या एप्रिलमध्ये पाणी खोल गेलं आणि विमलचा उजवा खांदा गेला. सकाळी वेणी घालायला हात वर जाईना. मग मी तिची वेणी घालू लागलो. ती वेणी कशी होत असे ते न सांगितलेलं बरं, पण शेजारची पोरं हसायची. मला मात्र हसू येत नव्हतं, संताप यायचा. शेकडो मेगावॅट मी बनवायचे आणि माझ्या बायकोनं मोटेच्या काळातल्यासारखं पाणी ओढायचं.

शेठ मोहाच्या तेलाच्या खरेदीला पंधरा दिवस कळवणकडे गेले आणि मी संधी साधली. शेडच्या कुंपणाला लागून भिकाचा भाजीचा मळा. त्याच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार होती. भिका माझा दोस्त, त्यानं लगेच हो म्हटलं. सुट्टीच्या दिवशी मी पाइप आणला, कुंपणावरून घेतला, हौदावर तोटी बसवली, नारळ फोडला आणि एक छोटंसं भाषणही केलं. बाईमाणसानं यापुढे दोराला हात लावायचा नाही, असं काहीतरी मी त्यात म्हणालो. बटण दाबलं. मनगटाएवढी धार हौदात पडू लागली. बाया पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. कुसाबाईनं पुढे होऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, घोळवलं, बाजूला थुंकलं आणि पदरानं तोंड पुसलं. मग ती विमलकडे बघत मागे झाली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना नवीन काही रुचत नाही.

पुढचे दिवस मी हवेत होतो. घरी गेलो की पहिला प्रश्न, हौद भरतो ना? विमल म्हणायची, भरतो की. दुसरा प्रश्न, खांदा? ती म्हणायची, उतार पडलाय. आणि खरंच, तिसऱ्या दिवसापासून ती स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. मी तर ड्यूटीवरच्या साहेबांनाही ही हकिगत रंगवून सांगितली.

बाराव्या दिवशी शिफ्ट बदलल्यामुळे मला सुट्टी होती. मी हौदापाशी उभा राहून धार बघत होतो, तेवढ्यात एक माणूस स्कूटरवरून आला. चाळिशीचा, पांढरा शर्ट, काखेत फाइल. त्यानं आधी छपराकडे पाहिलं, मग भिंतींकडे, मग पाइपाकडे. मी उत्साहानं पुढे झालो. मोटार किती हॉर्सपॉवरची, हौद किती मिनिटांत भरतो, पाइप किती इंचाचा, सगळं मी त्याला न विचारता सांगितलं. या हौदातलं पाणी साबणाला वापरतात का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, तर काय, पूर्वी बायका साठ बादल्या ओढायच्या, आता बघा. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. सही करताना वर त्याचं नाव वाचलं. सावळीराम गांगुर्डे, इन्स्पेक्टर, केंद्रीय एक्साइज. म्हणजे कराचा माणूस. आडनावावरून आशा वाटली म्हणून मी हळूच जयभीम घातला. त्यानं मनापासून जयभीम केला आणि म्हणाला की बाहेर भेटू तेव्हा भाऊ म्हणून भेटू, पण हा कागद आपल्या दोघांपेक्षा मोठा आहे.

मग त्यानं मला ती ओळ दाखवली. एका जाड पुस्तकात, बारीक इंग्रजी अक्षरांत. ज्या साबणाच्या कामात कोणतीही प्रक्रिया विजेच्या किंवा वाफेच्या साहाय्यानं झाली असेल त्याला कर, हातानं झालेल्याला माफी. वीज किंवा वाफ. ते दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. माझं अख्खं एकलहरे त्या दोन शब्दांत होतं. मी ज्याच्यावर पोट भरत होतो तेच दोन्ही, आणि ते जिथे पोचेल तिथे विमलची शेड संपणार होती. दिल्लीत कुठे तरी कुणी टेबलाशी बसून ही ओळ लिहिली असेल. त्या माणसानं ही कढई पाहिली नव्हती, विमलला पाहिलं नव्हतं. तरी इतकी वर्षं या बावीस चुली त्याच ओळीवर पेटत होत्या आणि आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता. शेठ चिक्कू नव्हते, सावध होते. मला त्या ओळीची भीती वाटली आणि खोटं कशाला बोलू, तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

इन्स्पेक्टर म्हणाला की मालक परतले की शुक्रवारी येऊन निर्णय देईन. शेठ त्याच संध्याकाळी आले. मला वाटलं ओरडतील. ते तेलाच्या पिंपावर बसले. मग त्यांनी मला एवढंच सांगितलं की बायांना अजून काही कळवू नकोस, आणि उद्या माझ्याबरोबर सातपूरला चल, मला विजेतला जाणकार माणूस हवा आहे.

सातपूरच्या वसाहतीत शेठच्या ओळखीच्या माणसानं साबणाचं नवं यंत्र बसवलं होतं. आम्ही आत गेलो आणि मी सगळं विसरलो. एका टोकाला पोत्यातून कच्चा माल पडत होता, पोटात मोठा स्क्रू फिरत होता आणि दुसऱ्या टोकातून साबणाची चौकोनी पट्टी बाहेर येत होती. येतच होती. तिला शेवट नव्हता. पुढे एक पातं खटखट वड्या पाडत होतं, त्यापुढे ठसा उमटत होता, आणि एवढ्या सगळ्या कामाला चारच माणसं, तीही बरीचशी नुसती उभी. आवाज आमच्या टर्बाइनच्या जातीचा होता. मी मोटारीवर हात ठेवून पाहिला, गरमसुद्धा नव्हती. माणसाच्या डोक्यातून हे निघालं याचा मला अभिमान वाटला, अगदी ऊर भरून आला. आणि मग त्या चार माणसांच्या जागी मी मनातल्या मनात आमच्या बाया उभ्या करू लागलो. पाचवीला जागा नव्हती.

परतताना शेठ बसमध्ये माझ्या शेजारी बसले होते. ते शांतपणे बोलले.

"लहानू, मी धर्मादाय चालवत नाही. हातानं केलं तर कर माफ, म्हणून बावीस बाया परवडतात. एकदा कर बसला की त्या मला परवडत नाहीत, सरळ गोष्ट आहे. वरून यंत्र घेणाऱ्याला सरकार आयकरात सूट देतं. एक खातं म्हणतं हात ठेव, दुसरं म्हणतं यंत्र घे. शुक्रवारी कोणतं खातं जिंकतं ते बघू."

मी विचारलं, बायांचं काय. ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं हे मला दिसलं, आणि त्यानं मला आणखीच वाईट वाटलं. वाईट माणसावर निदान चिडता येतं.

शुक्रवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. विमलला सांगायची हिंमत झाली नाही. ती विचारायची, जेवत का नाही, आणि मी म्हणायचो, केंद्रात नव्या संचाचं काम आहे, ताण आहे. तिनं त्या पगारावर आमच्या मुलीला शाळेत घातलं होतं. तिच्याआधी आमच्या दोन्ही घरांत कोणत्याही बाईनं स्वतःच्या नावाचा पगार घेतलेला नव्हता. तो मी बंद पाडणार होतो, आणि तोही तिचा खांदा दुखू नये म्हणून. ती रोज सकाळी आपली आपण वेणी घालून निघायची आणि मला दारातून बघवत नसे.

शुक्रवारी मी रजा काढली. गांगुर्डे साहेब दहा वाजता आले. शेठनं खुर्ची दिली, ते बसले नाहीत. त्यांनी सगळ्या बायांना काम थांबवून जवळ बोलावलं आणि कशासाठी आलो आहोत ते अगदी साध्या भाषेत सांगितलं. पंपाचं पाणी साबणाला वापरलं असेल तर कर लागेल. कर लागला तर पुढे काय होईल ते शेठनं सांगितलं, मान खाली घालून. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. विमलनं माझ्याकडे पाहिलं. मला सगळं आधीपासून माहीत होतं हे तिला त्या क्षणी कळलं.

साहेबांनी माझा जबाब वाचून दाखवला. बारा दिवस पंपाचं पाणी, हौद, साबण. हे बरोबर आहे का, त्यांनी मला विचारलं. खोटं बोलावं असं मनात आलं, पण सही माझी होती. मी म्हटलं, हो.

"नाय," कुसाबाई म्हणाली.

ती पुढे आली. तिच्या हातात अजून वल्हं होतं.

"साहेब, ह्या पोराला काय ठाव नाय. भिकाच्या हिरीचं पाणी जड हाय. त्यात डाळ शिजत नाय, तिथं साबण काय व्हईल? पयल्या दिशी ह्याचं मन राखाया एक घाणा केला त्या पाण्यात. फाटला. मंग आमी आपल्याच हिरीचं शेंदलं."

मी म्हटलं, म्हणजे बारा दिवस? साहेबांनी विचारलं की मग हौदातल्या पाण्याचं काय केलं. एका बाईला हसू आवरेना. ती म्हणाली, हातपाय धुवायला घ्यायचो, आणि उरलेलं संध्याकाळी बादल्यांनी कुंपणापलीकडे भिकाच्या वांग्यांना घालायचो, हौद रिकामा दिसला पाहिजे म्हणून. साबणाचं पाणी बाया शेडमागच्या पिंपांत भरून ठेवत होत्या. भिका कुंपणापलीकडे उभा होता. त्याची वांगी एवढी का माजली, हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं.

आता माझी बुद्धी बघा. आमच्या बॉयलरला पाणी देण्याआधी ते तपासायला केंद्रात वेगळी प्रयोगशाळा आहे. जड पाण्यानं नळ्या खराब होतात, हे मी नव्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवायचो. आणि विहिरीला विहीर लागून आहे म्हणजे पाणीही तेच, असं धरून मी नारळ फोडला होता.

साहेब मात्र सहज मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पुरावा मागितला. कुसाबाई त्यांना शेडच्या मागे घेऊन गेली, आम्ही सगळे मागोमाग. तिथे गोणपाटाखाली तो पहिला घाणा पडला होता, दह्याचा चोथा असावा तसा, पाणी एकीकडे, गोळे एकीकडे. बाया तो टाकून देणार होत्या, पण शेठनं वाया गेलेल्या तेलाचा हिशेब मागितला तर दाखवता यावा म्हणून झाकून ठेवला होता. कुसाबाईनं त्यातला कण जिभेला लावला, थुंकली आणि म्हणाली, अजून चावतं. मग तिनं दोन तांबे मागवले, एकात शेडच्या विहिरीचं पाणी, एकात भिकाच्या. दोन्हींत चांगल्या साबणाचा एकेक तुकडा घालून तिनं ते हातानं फेटले. पहिल्यात फेस तांब्याबाहेर आला. दुसऱ्यात पांढरा गाळ तरंगू लागला आणि फेस नावालाही नाही. साहेबांनी स्वतः बोट घालून पाहिलं, चोळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण डबा घेऊन आलो होतो त्या दिवशी ते माझ्या चेहऱ्यावर होतं.

शेठनं धाडस करून विचारलं की हा जो एक घाणा पंपाच्या पाण्यात केला, त्याचं काय. साहेबांनी वाकून तो चोथा पुन्हा पाहिला.

"कर साबणावर आहे," ते म्हणाले. "हा साबण झालेलाच नाही."

मग ते माझ्याकडे वळले. पंपाचं पाणी कढईत जाताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, मी फक्त हौद पाहिला. त्यांनी माझ्या जबाबाच्या बाजूला लाल शाईनं काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटली. कारखान्यात विजेच्या साहाय्यानं कोणतीही प्रक्रिया झालेली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. बावीस बाया, एक शेठ आणि मी, सगळ्यांनी एकदम श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. त्या एका वाक्यानं सातपूरचं ते सुंदर यंत्र सातपूरलाच राहिलं.

पण त्यांचं काम संपलं नव्हतं. त्यांनी आणखी एक कोरा कागद काढला. हमीपत्र लागेल, म्हणाले, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा इन्स्पेक्टर येईल आणि पुन्हा हेच. पाइप आजच काढायचा. यापुढे साबणाच्या कामाचं सगळं पाणी हातानंच शेंदलं जाईल, त्यासाठी कोणतंही विजेचं साधन वापरलं जाणार नाही. शेठची सही, आणि कामगारांच्या वतीनं एकीची. कुसाबाईला लिहिता येत नव्हतं. बायांत सातवी शिकलेली विमल एकटी. सगळ्यांनी तिला पुढे केलं.

ती पुढे आली आणि तिनं पेन हातात घेतलं. हात टेबलापर्यंत उचलला जाईना. तिनं डाव्या हातानं उजव्या हाताचं कोपर धरलं, हात उचलून कागदावर ठेवला आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी कागद सरळ धरून ठेवला, तिची सही होईपर्यंत, आणि नंतर टोपण लावून पेन खिशात टाकलं.

स्कूटर गेली. शेठनं चहा सांगितला. मी पाना घेऊन पाइप काढायला लागलो, पण डोळ्यांपुढे आटे धूसर झाले. म्हणून पाना ठेवला आणि विहिरीकडे गेलो. कढईखाली जाळ चालूच होता, पाणी लागणार होतं, आणि पाळी विमलची होती. रहाट कुरकुरत होता. ती डाव्या हातानं ओढायची, दोर पायाखाली दाबायची, पुन्हा डाव्या हातानं ओढायची. बारा दिवस तिनं हे असंच केलं होतं आणि घरी येऊन मला सांगितलं होतं की उतार पडला आहे. उजवा हात वर जात नसताना तिनं रोज माझ्यासमोर वेणी घातली होती. त्या वेण्या घालताना ती माझ्याकडे पाठ करून बसायची, हे मला आता आठवलं. मी वीज केंद्रात असं काही पाहिलेलं नाही. जिथे जिथे म्हणून माझी मान आपोआप खाली झाली त्या सगळ्या जागांत ती विहीर मी पहिली धरतो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"रोज घरी आल्यावर इचारायचे, हौद भरतो ना," ती म्हणाली. दोर तिनं सोडला नव्हता. "किती खुशीत असायचे तुमी. कसं सांगू?"

मी म्हटलं, मी शेठशी बोलतो, तुझी पाळी दुसरीला देतील, निदान खांदा बरा होईपर्यंत. दुसरा काहीतरी उपाय मी शोधतो. वीज नको, वाफ नको, पण काहीतरी असेलच.

"आता काय शोधू नका," ती म्हणाली. "तुमाला वाचता येतं, मला बी येतं. काय सही केली ते कळलंय मला. दुखू द्या. खांदा दुखतोय तवर काम हाय."

बादली वर आली. ती काठाला टेकवून तिनं कडी माझ्या हातात दिली, आणि मी ती कढईकडे घेऊन गेलो.